वाया गेलेले तिघे

श्रावणात भिलाईत आमच्या सेक्टरच्या मैदानावर गुडघाभर गवत वाढतं. पोरं खेळून खेळून मधला तांबडा चट्टा तेवढा उघडा ठेवतात, आणि चार-साडेचारला तिथून चेंडूचा आवाज यायला लागतो. हल्लीचा चेंडू पाणी पीत नाही. त्याचा आवाज टणक असतो. आमचा चेंडू चामड्याचा होता. ओल्या मुरमावर थोडा वेळ फिरला की भोपळ्यासारखा जड व्हायचा, आणि डोक्याने मारला तर त्याच्या वादीची गाठ कपाळावर उमटायची. त्या दिवसांत हजेरीच्या खिडकीत एखादा माणूस कपाळावर लाल वण घेऊन उभा राहिला की मी ओळखायचो, हा काल मैदानावर होता.

परवा माझी नात मिताली व्हरांड्यात बसून मोबाइलवर परदेशातल्या कुठल्याशा फुटबॉल क्लबाची चर्चा ऐकत होती. दोन माणसं त्या क्लबाने मागे निवडलेल्या खेळाडूंची नावं एकेक करून काढत होती आणि प्रत्येकावर शिक्का मारत होती. हा चालला, हा वाया गेला. मला ते भरभर इंग्रजी कळत नाही, म्हणून ती सांगत होती. "आबा, ये वाला तो एकदम बेकार निकला. सगळ्यात पहिले घेतला होता त्याले." मराठी ती घरातच बोलते, आणि तीही अशी, अर्ध्या वाटेत हिंदीला सोबत घेऊन. मी विचारलं, कावून बेकार निघाला?

ती म्हणाली, "ते नाही सांगून राहिले."

तेव्हापासून तो एक पावसाळा माझ्या डोक्यात चालू आहे.

पोलाद कारखान्याच्या भट्ट्या पेटून दोन-तीन वर्षं झाली होती. भिलाईत तेव्हा एक गोष्ट पुरी झाली की तिच्या शेजारी दुसरीचा पाया खोदलेला असायचा. रस्ते होते, पण झाडं नव्हती. पावसात तांबडा चिखल आणि उन्हाळ्यात तांबडी धूळ, त्यामुळे सुमन, माझी बायको, पांढरं कापड वाळत घालायला घाबरायची. मी नागपूरहून आलेलो, मशीन शॉपात टाइमकीपर. सगळे मला मेश्राम बाबू म्हणत. आमच्या खात्याच्या फुटबॉल टीमचा सेक्रेटरीही मीच होतो, कारण ते लिहिण्या-सांभाळण्याचं काम दुसऱ्या कोणालाच नको होतं. मी स्वतः कधी धड खेळलो नाही. पण माणूस धावताना पाहिला की त्याच्यात काय आहे ते मला कळतं, असा माझा समज होता.

दर वर्षी जेठ संपता संपता चार खात्यांचे सेक्रेटरी एका पत्र्याच्या शेडमध्ये बसायचे. वर्षभरात नव्याने लागलेल्या ज्या माणसांनी फॉर्मवर 'फुटबॉल' लिहिलं असेल त्यांची यादी समोर असायची. केरळचे, बंगालचे, पंजाबचे, आंध्राचे, सगळ्या मुलखांची नावं. खातं कुठलंही असो, खेळायचं ज्याने निवडलं त्याच्याकडून. मागच्या साली जी टीम शेवटची आली तिने पहिलं नाव उचलायचं. आम्ही याला वाटणी म्हणत असू. आमची टीम कायम शेवटची, म्हणून लागोपाठ तीन वर्षं पहिली निवड माझी.

पहिल्या वर्षी मी कुरियनला घेतलं. वेल्डर होता, कॉलेजात खेळलेला. पहिल्या सामन्यात त्याने मैदानाच्या मधून असा चेंडू काढून दिला की काठावर उन्हासाठी छत्री धरून उभ्या असलेल्या, कारखाना उभारायला आलेल्या दोघा रशियनांनी छत्र्या खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या सामन्यात मात्र तो समोर आलेला चेंडू सोडून देऊ लागला, आणि चौथ्यापासून येईनासाच झाला. दुसऱ्या वर्षी मी पालला घेतलं. त्याने कलकत्त्याच्या मैदानांच्या अशा गोष्टी सांगितल्या की यादीतलं दुसरं नाव मी वाचलंच नाही. पहिल्या सामन्यात त्याला चेंडू अडवताही आला नाही, आणि पुढे तो आलाच नाही. तिसऱ्या वर्षी सगळ्यांच्या नजरा एका नावाजलेल्या पंजाबी सेंटर फॉरवर्डवर होत्या, आणि मी बिसाहूचं नाव घेतलं. बिसाहू जवळच्या उतई गावाकडचा, क्रेनवर दोर ओढणारा खलाशी, म्हणजे मदतनीस. अनवाणी धावायचा. यार्डात एकदा सुटलेल्या दोरामागे त्याला पळताना पाहिलं आणि तेव्हाच मी मनात ठरवून टाकलं होतं. शेडमध्ये सगळे हसले. तो पंजाबी फॉरवर्ड दुसऱ्या टीमने घेतला आणि त्याच मोसमात त्याने आमच्यावरच गोलांची रांग लावली. बिसाहू सरावाला तीनदा आला. सामन्याला आला तेव्हा पाय उचलत नव्हते त्याचे.

आम्ही पुन्हा शेवटचे आलो, आणि खात्याच्या क्रीडा समितीने मला बोलावणं धाडलं. तीन पहिल्या निवडी वाया कशा गेल्या, याचा खुलासा तीन आठवड्यांनी समितीपुढे करावा.

तो कागद मी घरी नेला आणि सुमनपुढे तासभर बोललो. कुरियनला गर्व झाला. पाल लबाड. बिसाहू आळशी, त्याला खेळाची किंमत नाही. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही विचारलं का त्याईले?"

मी म्हटलं, काय विचारायचं?

"हेच. कावून आले नाही म्हणून."

तीन वर्षांत मी तिघांबद्दल खूप ठिकाणी बोललो होतो. त्यांच्याशी बोललो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सायकलच्या चाकांत हवा भरली आणि ठरवलं, येणारे तिन्ही रविवार या तिघांचे. खुलासा द्यायचा तर खरा द्यायचा, मग त्यात माझी नाचक्की झाली तरी चालेल.

पाल सगळ्यात जवळ होता, पलीकडच्या सेक्टरात. त्याला क्वार्टर मिळालं होतं. दारात त्याची म्हातारी आई बसलेली, पायाशी तुळशीचं रोपटं. पालने मला पाहिलं आणि काय विचारायला आलो ते ओळखलं. त्याने फार वेळ लावला नाही. तो कधीच खेळला नव्हता. कलकत्त्यात बाहेरच्या बांबूंवर लटकून सामने पाहिले होते, तेवढंच. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की खेळाडूला क्वार्टर लवकर मिळतं. "माँ को लाना था, दादा," एवढं म्हणून तो खाली पाहत राहिला. क्वार्टर त्याला फुटबॉलमुळे मिळालंच नव्हतं, त्याचा नंबर लागला म्हणून मिळालं होतं. म्हणजे खोटं बोललेलं फुकटच गेलं. म्हातारीने माझ्या हातावर नारळाचा लाडू ठेवला. तो खात मी स्वतःला सांगितलं, ही निवड चुकली, आणि ती मीच चुकवली. मला चांगलं बोलणारा माणूस आवडतो, हे माझं जुनं दुखणं आहे.

कुरियन हॉस्टेलात राहत होता. खोलीत खिडकीला जाड चादर लावलेली. मी विचारलं तेव्हा तो आधी रागावला, मग उठून दार लावून आला. इथे लागण्याआधी एका छोट्या वर्कशॉपात त्याने काही वर्षं काढली होती. तिथे काम उरकायच्या घाईत डोळ्यांपुढे काच न धरताच वेल्डिंगचे टाके मारायची सवय लागली. आता दिवसा ठीक दिसत होतं. पण ढगाळ संध्याकाळी चेंडूभोवती धुकं दिसायचं, कधी एकाचे दोन चेंडू. आमचे सामने सगळे शिफ्ट सुटल्यावर, पावसाळी उजेडात. त्याने पहिला सामना लख्ख उन्हाच्या संध्याकाळी खेळला होता, ते मला तेव्हा आठवलं. वेल्डरचे डोळे गेले हे कळलं तर नोकरी जाईल, अशी त्याला भीती होती. गावी दोन बहिणी होत्या. त्याने माझा हात धरून वचन मागितलं. मी दिलं.

परत येताना सायकल चालवत नव्हतो, हातात धरून चालत होतो. ज्या खुलाशासाठी मी निघालो होतो त्यातलं सगळ्यात भक्कम उत्तर मला मिळालं होतं, आणि ते मला बोलता येणार नव्हतं.

तिसऱ्या रविवारी उतई. त्या साली पाऊस उशिरा लागला होता, त्यामुळे श्रावण सरत आला तरी शेतं पाण्याने भरलेली, धान वीतभर वर आलेलं. विचारत विचारत गेलो तर बिसाहू नांगरावर होता. उभ्या धानात नांगर घालत होता. मी घाबरलो, म्हटलं हा उभं पीक मोडून राहिला. बांधावर बसलेल्या त्याच्या म्हाताऱ्या बापाने समजावलं. याला बियासी म्हणतात. पेरलेलं धान थोडं वाढलं की पाण्यातच हलकं नांगरतात, गवत मरतं आणि धानाला फुटवे येतात. पाणी शेतात आहे तोवरच करावं लागतं. बापाच्याने आता नांगर धरवत नव्हता आणि दुसरा मुलगा नव्हता. बिसाहू शिफ्ट संपवून कोसच्या कोस पायी येत होता, अंधार पडेस्तोवर नांगर धरत होता आणि पहाटे पुन्हा कामावर. आमची टूर्नामेंट नेमकी पेरणीपासून बियासीपर्यंतच्या याच महिन्या-दीड महिन्यात.

तो चिखल तुडवत काठावर आला. मी म्हटलं, सांगायचं होतं ना. तो हसून म्हणाला, "बियासी नइ होही त धान घलो नइ होही, बाबू." बियासी झाली नाही तर धानही होणार नाही. यात सांगण्यासारखं काय होतं, हे त्याला खरंच कळत नव्हतं.

मी बराच वेळ बांधावर बसून त्याला पाहत राहिलो. मांडीपर्यंत चिखल, पुढे बैल ओढताहेत, आणि हा एकेक पाय उपसून त्यांच्यामागे. यार्डात जे पाय मला आवडले होते ते इथे घडले होते. मी पाय तेवढे निवडले होते. त्यांच्यावरचा माणूस मी पाहिलाच नव्हता.

समितीची बैठक दुपारी होती. अध्यक्ष कोलते साहेब, अमरावतीचे, इंजिनिअर. माणूस शिस्तीचा, पण ऐकून घेणारा. बाकी तिघे-चौघे फोरमन. मी उभा राहिलो आणि एकेक नाव घेतलं. पालबद्दल म्हटलं, चूक माझी आहे, पूर्ण माझी. बिसाहूबद्दल म्हटलं, निवड बरोबर आहे, महिना चुकला आहे. टूर्नामेंट धान कापल्यावर, अगहनात म्हणजे मार्गशीर्षात घ्या, मग त्याला पाहा. फोरमन हसले. कारखान्याचा खेळ आता शेतीच्या पंचांगावर चालणार का, असं एकाने विचारलं.

मग कुरियन. मी म्हटलं, तीही निवड बरोबर होती.

"तो फिर खेला क्यों नहीं?" कोलते साहेबांनी विचारलं.

"मुझे मालूम है, साहब. पर बताऊँगा नहीं."

खोलीत कुजबुज झाली. एक फोरमन बाजूच्याला ऐकू जाईल इतक्या, म्हणजे मलाही ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाला की आधी निवडणाऱ्याला कोणी निवडलं ते पाहा, कोट्यातले लोक असेच निवडणार.

हे मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. नागपूरला वडिलांच्या बरोबर मी दीक्षा घेतली होती. नोकरीच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलं तेव्हा कारकुनाने पेन थांबवून दोनदा विचारलं होतं, सवलत जाईल, लिहू का? मी म्हटलं होतं, लिहा. सवलतीशिवाय परीक्षा देऊन मी इथे आलो होतो. हे सगळं त्या फोरमनला सांगता आलं असतं. सवलत घेऊन आलो असतो तरी मान खाली घालण्यासारखं काही नव्हतं, हेही सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मला त्या दिवशी माझ्याबद्दल बोलायचं नव्हतं. जे ठरवून आलो होतो तेच पुन्हा सांगितलं. दोन निवडी बरोबर, एक चूक, आणि माझं म्हणणं शब्दाला शब्द लिहून घ्या.

कोलते साहेबांनी लिहून घेतलं. खाली ठराव लिहिला की निवडीचं काम मेश्राम यांच्याकडून काढून घेण्यात येत आहे.

ही बातमी दोन दिवसांत हॉस्टेलात पोचली. तिसऱ्या दिवशी दुपारी कुरियन आमच्या दारात. सुमनने बसा म्हटलं तर बसला नाही. मी समितीत काय बोललो नाही ते त्याला कळलं होतं. "बोल देना था, मेश्राम," तो म्हणाला. मी म्हटलं, ती गोष्ट माझी नव्हती. तो सुमनने दिलेलं पाणी प्याला आणि गेला. त्याच आठवड्यात तो स्वतः फोरमनकडे जाऊन सगळं सांगून मोकळा झाला. डोळे तपासले गेले. नोकरी गेली नाही. त्याला टूल रूममध्ये हत्यारं सांभाळायला बसवलं. जा म्हणून मी त्याला सांगितलं नव्हतं. मला तेवढा धीर झालाच नसता, कारण निकाल उलटा लागला असता तर त्याच्या बहिणींना मी काय सांगणार होतो?

माझ्या हातून सेक्रेटरीपण गेलं, पण दिवाळीनंतर धान कापणीला आलं तसा मी पुन्हा उतईच्या फेऱ्या मारू लागलो. बिसाहूच्या बापाचं शेत रिकामं झालं की तिथे एक सामना घ्यायचा, रविवारी, भर दुपारी. पहिल्या आलेल्या टीमच्या कॅप्टनकडे मी चारदा गेलो. चौथ्यांदा तो कंटाळून हो म्हणाला. कोलते साहेबांनाही बोलावणं केलं. त्या रविवारी ते बांधावर येऊन उभे राहिले.

अगहनातलं ते ऊन मला अजून अंगावर जाणवतं. नुकत्याच उचललेल्या धानाचा वास, खाली खुंटांची टोचणारी रांग. बूट घातलेले सांभाळून पाय टाकत होते, बिसाहू मात्र आपल्या अंगणात असावा तसा धावत होता. पाल काठावर टॉवेल हलवत लाइनमन झाला होता आणि तोंडाने अखंड सामन्याचं वर्णन करत होता, अर्धं बंगालीत, अर्धं हिंदीत. गाव लोटलेलं, सगळं गाव त्याच्यावर खूश. कुरियनने मधून मान वर केली, डोळ्यांवर हात धरला, आणि उजव्या बाजूला कोणी नव्हतं तिथे चेंडू टाकला. चेंडू पडेपर्यंत तिथे बिसाहू होता.

आम्ही तो सामना एका गोलाने हरलो. खरं तेच सांगतो. पण आमचा गोल झाला तेव्हा कोलते साहेब बांधावरून खाली शेतात उतरले होते, आणि विजारीत खुंट अडकल्याचं त्यांना भान नव्हतं. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. समितीत ते कायम हिंदीत बोलत, इथे मराठीत बोलले. "मेश्राम, त्या दिवशी मी तुम्हाले आणखी एक विचारायला पाहिजे होतं. याईले खेळता यावं म्हणून काय करावं लागंल?"

तो प्रश्न मी जपून ठेवला.

टूर्नामेंट काही अगहनात गेली नाही. ती पावसाळ्यातच राहिली. बिसाहू पुढेही श्रावणात बियासी करत राहिला आणि आमच्या टीमसाठी फारसा खेळला नाही. कोणी हिशोबी माणूस आज त्याचे सामने मोजायला बसला तर तो वाया गेला असंच म्हणेल. त्या माणसाशी मी भांडणार नाही. त्याला फक्त म्हणेन, आधी उतईला जाऊन ये.

पुढच्या जेठात ज्या फोरमनकडे निवड दिली होती त्याने कागदांचा गठ्ठा पाहून हात वर केले, आणि कोलते साहेबांनी मला परत बोलावलं. शेवटचे आलो होतो, म्हणजे पहिलं नाव पुन्हा माझं. मी म्हटलं, करतो, पण यादीवरून नाव उचलणार नाही. आधी माणसांना भेटणार. शेडमध्ये बाकीचे तिघे सेक्रेटरी बिड्या ओढत ताटकळले, आणि मी बाहेर रांगेत उभ्या असलेल्या नव्या माणसांना एकेक करून विचारत गेलो. घर कुठं, शेती आहे का, शिफ्ट कोणती. आणि खेळायला अडचण काय येईल?

भंडाऱ्याकडचा एक देवराव होता, नवीन लग्न झालेला. शेवटचा प्रश्न ऐकून तो लाजला. म्हणाला, "बायको इथं एकटीच असते, बाबूजी. कोणाचीच ओळख नाही तिची. संध्याकाळी मी मैदानावर गेलो तं ते घाबरते."

मी म्हटलं, मग तिलाही घेऊन या.

"मैदानावर? बाईमाणूस?"

"माझी बायको येईल सोबतीला."

त्या मोसमात आमच्या मैदानाच्या काठावर पहिल्यांदा दोन बाया एका छत्रीखाली बसल्या. लोक मागे वळून वळून पाहायचे. सुमन त्यांच्याकडे पाहायची नाही, ती सामना पाहायची. पुढच्या आठवड्यात छत्र्या तीन झाल्या. देवराव कसा खेळला म्हणाल तर बेताचाच. पाय जड होते त्याचे, आणि डावा तर नावालाच. पण त्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या पावसाळ्यांत त्याने एकही सामना चुकवला नाही.